हार्ट फेल्युअर : "कळलं ना काका?" "कळलं." आणि तरी तिसऱ्यांदा ॲडमिट

पायरी_पायरी (धागाकर्ती)

बाबा ७८ वर्षांचे. दहा महिन्यांत तिसऱ्यांदा ॲडमिट होऊन परवा घरी आले. हार्टचं पंपिंग कमी झालंय, फाईलवर हार्ट फेल्युअर लिहिलंय.

तिन्ही वेळची कथा एकच. आधी पायाला सूज, मग आडवं झालं की धाप, मग पहाटे तीनला धावपळ. आणि तिन्ही वेळा निघायच्या दिवशी सिस्टरनी कागद समोर धरून सगळं नीट सांगितलेलं : रोज वजन करा, मीठ कमी, पाणी मोजून, गोळ्या चुकवू नका, सूज आली तर लगेच या. "कळलं ना काका?" बाबा म्हणाले, "कळलं." मी पण मान डोलावली. घरी आल्यावर वजनकाटा पलंगाखाली गेला तो गेलाच.

काल सहज विचारलं, "बाबा, रोज वजन कशासाठी करायचं सांगितलंय?" म्हणाले, "जाड होऊ नये म्हणून. पण मी तर वाळत चाललोय, मग कशाला करू?"

मी गप्पच झाले. बाबांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. डोकं अजून तल्लख आहे, म्हणजे न समजण्याचा प्रश्न नाही. मग तीन वेळा सांगूनही पोचलं का नाही? आई ७२ची, तिचे गुडघे धरलेले. माझी नोकरी. आता असं वाटतंय की सगळं आपल्याच हातात घ्यावं. गोळ्या मी देणार, वजन मी करणार, पाणी मी मोजणार. कुणी यातून गेलंय का?

रात्रपाळी

मी नर्स आहे. बरीच वर्षं हार्टच्या वॉर्डात काढली, आता हार्ट फेल्युअरच्या ओपीडीत असते.

आधी कबुली देते. "कळलं ना?" हा प्रश्न मीही हजारदा विचारलाय. त्याला "कळलं" सोडून दुसरं उत्तर मिळत नाही. वयानं मोठ्या माणसाला, तेही चार लोकांसमोर, "नाही कळलं बुवा" म्हणणं जड जातं. त्यात डिस्चार्जचा दिवस म्हणजे शिकवायला सगळ्यात वाईट दिवस. पेशंट चार रात्री धड झोपलेला नसतो, नातेवाईक कागद गोळा करत असतात, सगळ्यांचा जीव दाराकडे. आम्ही मात्र त्याच पंधरा मिनिटांत सगळं उरकतो आणि फाईलवर 'समुपदेशन केले' असं लिहून मोकळे होतो.

आता मी उलट करते. एका वेळी एकच गोष्ट सांगते आणि म्हणते, "काका, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर काकूंना हे कसं सांगाल?" परीक्षा माझी, त्यांची नाही. मग जे बाहेर येतं ते ऐकण्यासारखं असतं. 'जाड होऊ नये म्हणून' हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की तुमचे बाबा एकटे नाहीत.

तर बाबांना असं सांगून बघा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. माणूस दोन दिवसांत दोन किलो चरबी कमावू शकत नाही, पण दोन लिटर पाणी अंगात साठवू शकतो. हृदयाचा जोर कमी पडला की किडनीकडे रक्त कमी पोचतं. तिला वाटतं अंगात पाणीच कमी झालंय, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. ते पाणी आधी वजनात दिसतं, मग पायात, मग फुफ्फुसात. म्हणजे काटा चरबी मोजत नाही, पाणी मोजतो. पहाटे तीनची धाप लागायच्या आधी बऱ्याचदा आठवडाभर काटा हळूहळू चढत असतो.

गणिताच्या मास्तरांना ही भाषा कळेल. त्यांना आलेखाचा कागद आणून द्या. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. काटा गादीवर किंवा सतरंजीवर नको, कडक फरशीवर. (सतरंजीवर ठेवलेल्या काट्यानं एका आजोबांचं वजन रोज दीड किलोनं इकडेतिकडे व्हायचं. आम्ही औषधं तपासत बसलो होतो.)

आणि एक. सगळं तुमच्या हातात घेऊ नका. त्यावर सविस्तर लिहीन, आत्ता ड्यूटी आहे.

शंकासुर

धागा चांगला आहे, पण एक रोखठोक विचारतो. नर्सनं समजावलं, फोन केला, आलेख काढायला लावला, यानं खरंच ॲडमिशन कमी होतात? की घरच्यांना काहीतरी केल्याचं समाधान? औषधं काम करतात हे मान्य. गप्पा काम करतात याला पुरावा आहे का?

टाचणी

मी नर्सिंगमध्ये मास्टर्स करतेय, विषय हाच आहे, त्यामुळे उत्तर द्यायचा मोह आवरत नाही.

पुरावा आहे, आणि तो सरळ रेषेत नाही. १९९५ साली मायकेल रिच आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतला अभ्यास आला. ७० वर्षांवरचे २८२ पेशंट, सगळे हार्ट फेल्युअरनं ॲडमिट झालेले. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्यावर नर्सच्या पुढाकारानं शिकवणी, आहाराचा सल्ला, औषधांची छाननी, घरी गेल्यावर भेटी आणि फोन. ९० दिवसांत हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती होण्याच्या घटना नेहमीच्या गटात ५४, दुसऱ्या गटात २४. २००३ साली स्वीडनमधून ॲना स्ट्रोमबर्ग यांचा अभ्यास आला. नर्स चालवत असलेल्या ओपीडीत जाणारे लोक जास्त जगले आणि स्वतःची काळजीही जास्त चांगली घेत होते. तो अभ्यास लहान होता, १०६ जणांचाच.

आता दुसरी बाजू. २००८ साली नेदरलँड्समध्ये 'कोच' नावाचा मोठा अभ्यास झाला. १०२३ पेशंट, सरासरी वय ७१, दीड वर्ष पाठपुरावा. हार्ट फेल्युअर नर्सचा साधा आधार, जोरदार आधार आणि नेहमीचा पाठपुरावा अशा तीन गटांत मृत्यू आणि भरती मिळून ठळक फरक दिसला नाही. यावर खूप चर्चा झाली. तिथे नेहमीचा पाठपुरावाच चांगला होता, हा एक मुद्दा. म्हणजे जिथे मुळात काही नाही तिथे नर्सच्या आधारानं खूप फरक पडतो, जिथे आधीच बरंच आहे तिथे भर घालून थोडा.

म्हणून 'गप्पा काम करतात का' असं विचारून भागत नाही. कोणत्या गप्पा, कुणाशी, कधी, तेही विचारावं लागतं.

शंकासुर

विरुद्ध जाणारा अभ्यास स्वतःहून सांगितलात, आवडलं. पुढे बोला.

टाचणी

पुढचं थोडं पुस्तकी आहे, पण उपयोगी पडेल. बार्बरा रीगल, टिनी यार्स्मा आणि स्ट्रोमबर्ग यांनी २०१२ साली दीर्घ आजारातल्या स्व-काळजीची एक मांडणी केली. तिचे तीन थर. त्यांना मी माझ्या वहीत मराठी नावं दिलीत : राखण, टेहळणी, तजवीज.

राखण म्हणजे रोजचं : गोळ्या, मीठ, चालणं, लसी. टेहळणी म्हणजे अंगात काय बदलतंय त्यावर नजर : वजन, सूज, धाप. तजवीज म्हणजे बदल दिसल्यावर त्याचा अर्थ लावून काहीतरी करणं : फोन करणं, ठरल्याप्रमाणे गोळी वाढवणं, दवाखाना गाठणं. बहुतेक घरांत राखण बरी चालते. टेहळणी अर्धीमुर्धी. तजवीज जवळजवळ शून्य. आणि नर्स शिकवतात त्यातलं बहुतेक सगळं राखणीचंच असतं! धागाकर्तीच्या बाबांनी गोळ्या चुकवल्या असं कुठेच लिहिलेलं नाही. सूज दिसली आणि पहाटे तीनपर्यंत कुणी काही केलं नाही, असं दिसतंय. बरोबर ना?

पायरी_पायरी

बरोबर. गोळ्या ते चोख घेतात. सूज आईला चार दिवस आधी दिसली होती. बाबा म्हणाले, "या वयात पाय सुजायचेच."

सत्तरीपार

मी ७४ वर्षांचा, स्वतः हार्ट फेल्युअरचा पेशंट, पाच वर्षं झाली. इथे सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हटलं आपणही दोन शब्द लिहावेत. मोबाइलवर टंकतोय, चुका पोटात घाला.

"या वयात चालायचंच" हे वाक्य मी दोन वर्षं वापरलं. ते खोटं नव्हतं, म्हणून तर पकडलं गेलं नाही. जिना चढताना थांबावं लागायला लागलं, म्हटलं वय. दुपारी झोप यायला लागली, वय. बूट घालायला वाकलं की कोंडल्यासारखं व्हायचं, म्हटलं पोट सुटलंय. भूक मेली, म्हटलं बरंच झालं. एक उशी पुरायची तिथे तीन लागायला लागल्या, तेव्हा मात्र बायको म्हणाली, आता बसून झोपणार का?

माझ्या ओपीडीतल्या सिस्टरनी 'दम लागतो का' असं विचारलंच नाही. त्यावर मी 'नाही' म्हणालो असतो, कारण दम लागेल असं काहीच मी करत नव्हतो. त्यांनी विचारलं, "काका, मागच्या महिन्यात करत होता आणि आता सोडून दिलं, असं काय आहे?" मी विचार केला. गच्चीत कुंड्यांना पाणी घालायला जाणं सोडलं होतं. कधी सोडलं, आठवेना. तेव्हापासून माझी खूण ठरली : गच्चीच्या पायऱ्या अठरा. बरा असतो तेव्हा न थांबता चढतो. एकदा थांबलो तर वहीत टिंब. दोनदा थांबलो तर फोन. सूज माझ्या बाबतीत फार उशिरा येते, तिच्यावर विसंबलो तर गेलोच.

आणि पायरी_पायरी ताई, तुम्हाला एक सांगतो, राग मानू नका. माझी मुलगी 'आज किती ग्लास झाले?' म्हणून विचारते तेव्हा तिच्या आवाजात हवालदार येतो. मग मी खोटं बोलतो. सिस्टरशी कधीच खोटं बोललो नाही, कारण त्या रागावत नाहीत, लिहून घेतात.

गुळवेल

+१ काका. हवालदार वाचून हसू आलं आणि मग नाही आलं. मी पण तेच करते.

रात्रपाळी

सत्तरीपार काका, तुमचं हे लिखाण आमच्या नव्या मुलींना वाचून दाखवणार आहे.

काल अर्धवट राहिलेलं. सगळं स्वतःच्या हातात का घेऊ नये. काकांनी एक कारण सांगितलंच. दुसरं असं की तुम्ही दिवसाचे दहा तास घरी नसता. धाप लागायला सुरुवात होईल तेव्हा त्या शरीरात बाबा असतील, तुम्ही नाही. त्यांना स्वतःच्या शरीराची भाषा आली पाहिजे. तुम्ही ती त्यांच्यातर्फे बोलू लागलात की ते ऐकायचंच सोडून देतील.

म्हणजे मदत करायची नाही असं नव्हे. कामं वाटून घ्या, आणि वाटणी बाबांना करू द्या. बहुतेक घरांत ती अशी होते : आठवड्याच्या गोळ्या डबीत कुणी दुसरं भरतं, घेतात ते स्वतः. वजन ते करतात, काट्यावरचा आकडा नीट दिसत नसेल तर आई वाचते. मिठाचा हात स्वयंपाकघरातल्या माणसाचा, त्यामुळे आईंना शिकवताना बाबांसोबत बसवा. पुष्कळदा आम्ही पेशंटला मिठावर अर्धा तास व्याख्यान देतो आणि आयुष्यात एकदाही फोडणी न दिलेला माणूस मान डोलावत बसतो.

फोन करायचा की नाही हा निर्णय मात्र बाबांचा. त्यासाठी कागदावर आकडा लागतो. 'वजन वाढलं तर' हे मोघम झालं. साधारणपणे तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर कळवा असं सांगतात. बाबांचं सुजेशिवायचं, 'कोरडं' वजन किती आणि त्यांच्यासाठी आकडा किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. कुणाचा फोन नंबर, किती ते किती वाजेपर्यंत, रात्री काय, तेही त्याच कागदावर. पाण्याची गोळी (लघवीवाटे अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी) ठरावीक मर्यादेत स्वतः वाढवायची मुभा काही पेशंटना देतात. पण ती लेखी आणि किडनी, पोटॅशियम तपासून. इथे वाचून कुणीही करू नये.

आणि ज्याला आकडा लागत नाही ते : बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, फेसाळ गुलाबी थुंकी, ओठ निळे. तिथे वही बंद, फोनाफोनी बंद, थेट इमर्जन्सी.

दूरदेशी

माझा प्रश्न थोडा वेगळा. आई ८१, एकटी राहते, मी दुसऱ्या देशात. हार्ट फेल्युअर आहे, आणि आता विसरायलाही लागलीय. व्हिडिओ कॉलवर सगळं व्यवस्थित सांगते. मागच्या वेळी मदतनीस बाईंनी डबी दाखवली तर मंगळवारच्या गोळ्या तशाच आणि गुरुवारच्या दोनदा घेतलेल्या. आईला 'स्वतःची काळजी स्वतः' शिकवणं म्हणजे क्रूरपणा आहे असं वाटायला लागलंय.

रात्रपाळी

क्रूरपणा नाही, पण जेवढं झेपेल तेवढंच. हार्ट फेल्युअरमध्ये स्मरण आणि लक्ष यांवर परिणाम होणं अगदी नेहमीचं आहे, आणि बोलण्यात ते दिसत नाही. आई गप्पा छान मारत असेल. काम क्रमानं करायला लावलं की उघडं पडतं. म्हणून मी गोळ्यांबद्दल विचारत नाही. पिशवी टेबलावर उपडी करते आणि म्हणते, "सकाळच्या काढून दाखवा." दोन मिनिटांत चित्र स्पष्ट होतं. दिसत नाही, की पाकीट फोडता येत नाही, की क्रम लागत नाही, की गोळी नकोच आहे म्हणून बाजूला ठेवलीय, हे चारही वेगवेगळे प्रश्न आहेत आणि चारांची उत्तरं वेगळी. चष्म्याचा नंबर बदलून 'विसरभोळेपणा' गेलेले लोक मी पाहिलेत. ऐकू न येणारे तर कितीतरी.

तुमच्या आईंच्या बाबतीत राखण दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल असं दिसतंय. डॉक्टरांना विचारा, दिवसातून तीन-चार वेळच्या गोळ्या एक-दोन वेळांवर आणता येतील का. मदतनीस बाईंना टेहळणी शिकवा : पायाला बोट दाबून खड्डा राहतो का, रात्री उशा वाढल्या का, जेवण कमी झालं का. आईंकडे एकच ठेवा, 'बरं वाटत नाही' असं वाटलं की दाबायचं हे एक बटण.

आणि हे खूप महत्त्वाचं : म्हाताऱ्या माणसात एकदम गोंधळ वाढला, असंबद्ध बोलणं सुरू झालं, जेवण सुटलं, पडायला लागल्या, तर 'विसरण्याचा आजार वाढला' असं धरून बसू नका. धाप न लागता, हार्ट फेल्युअर बिघडल्याची पहिली खूण अशीही असू शकते. वजनावरही संपूर्ण भरवसा नको. स्नायू झिजत असतात, खाणं कमी झालेलं असतं, एकीकडे मांस उतरतं, दुसरीकडे पाणी चढतं, आणि काटा जागेवरच. अशा वेळी पाय, उशा आणि भूक.

गोळीबंद

मी औषधांच्या दुकानात बसतो, फार्मासिस्ट. एकच विनंती, बाकी सिस्टर सांगताहेतच.

गुडघेदुखीच्या गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांची भावंडं. या किडनीला मीठपाणी धरून ठेवायला लावतात, पाण्याच्या गोळीचा परिणाम मारतात. धागाकर्ती, तुमच्या आईंचे गुडघे धरलेत असं लिहिलंय. घरात या गोळ्या असणार. नवरा-बायकोचा गोळ्यांचा डबा एकच असतो, आणि 'तुझी एक दे, आज पाठ धरलीय' हे रोजचं. हार्ट फेल्युअरच्या माणसाला दुखलं तर काय घ्यायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्या : त्यात सोडियम बरंच असतं, आणि ती 'औषधातली' म्हणून कुणी मोजत नाही. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. हार्ट फेल्युअरच्या काही औषधांनी पोटॅशियम आधीच वाढतं, त्यावर हे मीठ म्हणजे हृदयाचे ठोके बिघडायला निमंत्रण. विचारल्याशिवाय नको. सर्दीच्या, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांचंही तेच.

पाण्याची गोळी संध्याकाळी घेऊन रात्रभर बाथरूमला उठणारे आणि अंधारात पडणारे लोक रोज भेटतात. सकाळी चालेल का, दुसरा डोस दुपारी चालेल का, विचारा. बाहेर जायच्या दिवशी गोळी टाळू नका, वेळ पुढेमागे करता येईल का ते विचारा.

एकच विनंती म्हणून चार झाल्या, सवय.

पायरी_पायरी

गोळीबंद, आत्ता उठून डबा बघितला. आईची पाठीची-गुडघ्याची पट्टी, दहातल्या सात संपलेल्या. आई म्हणते तिनं दोनच घेतल्या.

गोळीबंद

🙏 डॉक्टरांना फोन करून सांगा. आणि हो, बाबांना रागावू नका.

चौकोन

पाण्यावर कुणी बोलत नाहीये. आमच्याकडे एक लिटर म्हणजे एक लिटर. सासऱ्यांची बाटली मार्कर लावून ठेवलीय, त्यावर एक थेंब नाही. असा कडकपणा ठेवल्याशिवाय हा आजार आटोक्यात राहत नाही हा आमचा अनुभव. इथे सगळे फारच मऊ बोलताहेत.

सत्तरीपार

चौकोन, तुम्ही कधी एका लिटरवर एक दिवस काढून बघा. रात्री दात घासताना मी चूळ गिळायचो. चोरासारखा, नळ सोडून, आवाज येऊ नये म्हणून.

टाचणी

चौकोन, तुमच्या सासऱ्यांना डॉक्टरांनी त्यांच्या स्थितीसाठी एक लिटर सांगितलं असेल तर ते पाळाच. पण सगळ्या पेशंटना सरसकट पाणी तोडणं याला पुराव्याचा आधार कमकुवत आहे. आजार खूप पुढे गेलेला, सूज आवरत नसलेली किंवा रक्तातलं सोडियम खाली गेलेलं असेल तर दीड ते दोन लिटरची मर्यादा घालतात. स्थिर पेशंटमध्ये त्याचा फायदा पक्का दिसलेला नाही, तहानेचा जाच मात्र पक्का.

मिठाचंही तसंच. 'सोडियम-एचएफ' नावाचा अभ्यास २०२२ साली आला, सहा देश, ८०६ पेशंट. मिठातलं सोडियम दिवसाला १५०० मिलिग्रॅमच्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलेला गट विरुद्ध नेहमीचा सल्ला. वर्षभरात मृत्यू, हार्टसाठी भरती वा इमर्जन्सी भेटी यांत ठळक फरक नाही. याचा अर्थ मीठ मोकळं सोडा असा नाही. निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाच्या चमचाभर मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात पाकिटातलं मीठही आलं. पण अळणी ताटापायी म्हाताऱ्या माणसानं जेवणच सोडलं तर कुपोषण हा त्याहून मोठा धोका.

चौकोन

डॉक्टरांनी एक लिटर म्हटलं होतं ते ॲडमिट असताना. दोन वर्षांपूर्वी. पुन्हा विचारलेलं नाही हे खरं.

रात्रपाळी

पुढच्या भेटीत विचारा. दोन वर्षांपूर्वीचा नियम आजही चालूच आहे, असं आमच्याकडे फार होतं, आणि त्यात आमचीही चूक असते. 'हे इतक्या दिवसांसाठी' असं आम्ही लिहीत नाही.

तहानेसाठी : लहान पेला, लहान घोट, बर्फाचा छोटा खडा चघळणं, वारंवार चूळ, ओठांना मलम. आणि काका, चूळ गिळण्याबद्दल बोललात ते बरं केलंत. उलट बाजूही लक्षात ठेवा सगळ्यांनी. उलट्या-जुलाब झाले, ताप आला, कडक उन्हाळा असला आणि वजन भराभर उतरून उभं राहिलं की चक्कर येत असली, तर तेव्हाही फोन. अंगातलं पाणी फार कमी झालं तर तीच औषधं किडनीला त्रास देतात. कोणती तात्पुरती थांबवायची ते डॉक्टर सांगतील. आलेख दोन्ही दिशांनी वाचायचा.

शंकासुर

काल वडिलांना (हार्टचं काही नाही, बीपी आहे) विचारलं, "मागच्या महिन्यात करत होता आणि आता सोडून दिलं असं काय आहे?" म्हणाले, "तुझ्याशी बोलणं." अवांतर आहे, माहीत आहे.

पायरी_पायरी

साडेतीन आठवड्यांनी परत येतेय. मधे लिहायला जमलं नाही.

आलेखाचा कागद आणून दिला. पहिले दोन दिवस टेबलावर नुसता पडून होता. मी काही बोलले नाही (आतून हवालदार उड्या मारत होता). तिसऱ्या दिवशी बघते तर बाबांनी पट्टी घेऊन अक्ष आखलेले. आडव्या अक्षावर 'दिवस'. उभ्या अक्षावर 'वजन' लिहून खोडलेलं आणि वर 'पाणी' लिहिलेलं. डॉक्टरांकडून कोरडं वजन घेतलं, ६१ किलो, त्यावर निळी रेघ. ६३ वर लाल रेघ. कागद बाथरूमच्या दाराला आतून लावलाय, माझ्या डोळ्यासमोर नको म्हणून असेल.

ओपीडीतल्या सिस्टरनी त्यांना चार भेटींत चार गोष्टी शिकवल्या, प्रत्येक वेळी त्यांच्याकडून उलट वदवून घेतल्या. घरी येऊन त्यांनी त्याच आईला शिकवल्या. आवाज थेट वर्गातला. आईनं एकदा 'सर, पुरे' म्हटलं.

मागच्या सोमवारी ६१.८, मंगळवारी ६२.६, बुधवारी ६३.२. बुधवारी मी ऑफिसात. बाबांनी सकाळी नऊ वाजता स्वतः फोन लावला. सिस्टरनी विचारलं उशा किती, पाय कसे, नवीन काही गोळी घेतली का. डॉक्टरांशी बोलून त्यांनी पाण्याची गोळी तीन दिवस वाढवून दिली, शुक्रवारी रक्त तपासायला सांगितलं. रविवारी ६१.४. पहाटे तीनची धावपळ नाही.

मला हे सगळं बुधवारी संध्याकाळी जेवताना कळलं, तेही आईकडून. मी चिडले. मला का नाही सांगितलं? बाबा म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू रजा टाकून आली असतीस. कागदावर तुझा नंबर दुसरा आहे."

खरंच दुसरा आहे. त्यांनीच लिहिलाय.

सत्तरीपार

मास्तरांना माझा नमस्कार सांगा. आणि विचारा, पायऱ्यांचा आलेख काढता येईल का.

रात्रपाळी

उशांबद्दल विचारलं त्या सिस्टरला पण नमस्कार. रक्ताचा रिपोर्ट दाखवलात ना?

पायरी_पायरी

दाखवला, ठीक आहे म्हणाले. काका, निरोप दिला. आमच्याकडे पायऱ्या बावीस आहेत, बाबा म्हणाले तुलना होणार नाही.

एकच तक्रार. आलेखात मधे एका रविवारची जागा कोरी आहे. विचारलं तर म्हणाले, "सुट्टी."

रात्रपाळी

सोमवारी टिंब आहे ना?

पायरी_पायरी

आहे.

रात्रपाळी

मग राहू दे.